बोरीच्या काटकीवरचा कोश

त्या माणसानं मला छापील कागदात 'इसम' म्हटलं. 'कोश पुरवणारा एक इसम.' पुढं त्यानं ते दुरुस्त केलं, भरसभेत उभं राहून वाचूनही दाखवलं, तरी तो शब्द माझ्या डोक्यातून गेलेला नाही. जाऊही नये. मन हलकं करायला मी हे लिहीत नाही. त्याची बाजू छापलेली आहे, माझीही कुठंतरी असावी, एवढंच.

माझा जन्म सदलग्याजवळच्या एका खेड्यातला. चौथीत शाळा सुटली आणि मी चालत निपाणीला आलो तो तंबाखूच्या वखारीत पानं निवडायला. आठ वर्षं खाली मान घालून पानं निवडली. मग दलाल झालो, मग स्वतःची वखार केली. माझ्या तोंडाला लागू नये असं बाजारात म्हणतात. बरोबर म्हणतात.

वखारीतली एक गोष्ट आधीच सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. तंबाखूच्या एकाच झाडाचं खालचं पान वेगळं, मधलं वेगळं, शेंड्याचं वेगळं. वाळल्यावर एक पिवळं पडतं, एक विटकरी होतं, एक काळपट. नवा माणूस बघतो आणि म्हणतो, तीन वाण आहेत. आमचा मुकादम अशा वेळी पाठीत बुक्की घालायचा. रंगावर जायचं नाही, शिरा बघायच्या, पान बोटांत चुरून बघायचं. मी पाच-सहा बुक्क्या खाल्ल्या आणि शिकलो. मला इसम म्हणणाऱ्या त्या वकिलांना कुणी बुक्की घातली नव्हती.

विडीच्या पानांसाठी मी उन्हाळ्यात खानापूरकडच्या रानात जात असे. पानं तोडणाऱ्या बायकांची एक म्हातारी पुढारीण होती, तिला सगळे आक्का म्हणत. एका उन्हाळ्यात पानं गळालेल्या ऐनाच्या झाडावर मला राखी रंगाची, कोंबडीच्या अंड्याएवढी फळं लोंबताना दिसली. झाडाला पान नाही आणि फळं कशी, म्हणून मी विचारलं.

"फळ न्हवं अण्णा, घर हाय त्ये," आक्का म्हणाली. "पाखरू झोपलंय आत."

तिनं एक तोडून माझ्या कानाशी हलवलं. आत काहीतरी जड खुळखुळलं. कवच नारळाच्या करवंटीसारखं टणक. वरच्या टोकाला एक लांब देठ, आणि त्या देठाच्या शेवटी फांदीभोवती घट्ट बसलेलं कडं, जसं काही लोहारानं तापवून बसवलेलं. कडं काढायला गेलो तर देठच तुटला.

"तसं निघायचं न्हाई. काटकीसकट तोडायचं," आक्का हसली. "आमचं मालक ह्येची पट्टी सोलून कोयत्याच्या मुठीला गुंडाळत्यात. म्हशीनं वडलं तरी तुटत न्हाई."

मी चार कोश घरी आणले आणि टोपलीत टाकून विसरलो. मृगाच्या आधी एका सकाळी बायकोनं हाक मारली. टोपलीच्या कडेला पसरलेल्या पंजापेक्षा मोठा एक पतंग बसला होता. हळदीत दूध घातल्यासारखा रंग. चारही पंखांवर एकेक गोल डोळा, आणि डोळ्याच्या मधोमध पंखच नाही, अभ्रकाच्या पापुद्र्यासारखी आरपार चकती. तिच्यातून टोपलीच्या काड्या दिसत होत्या.

"देवाचं कायतरी हाय. सोडून द्या," बायको म्हणाली.

सोडून देणं माझ्या स्वभावात नाही. मी तो बेळगावला नेला.

बेळगावात माझा एक दावा ज्या वकिलांकडं होता, त्यांना असल्या गोष्टींचा नाद होता. जुनं घराणं, दिवाणखान्यात काचेची दारं असलेलं शिसवी कपाट, कपाटात सपाट पेट्या, पेटीत टाचण्यांवर पंख पसरून लावलेले पतंग. माझी टोपली बघून ते खुर्चीतून उठले. दाव्यासाठी कधी उठले नव्हते.

माणूस विद्वान होता, हे कबूल करतो. त्यांनीच मला कुळ आणि जात यांतला फरक सांगितला. हा टसर रेशमाचा पतंग. त्याच्या कुळाची खूण म्हणजे पंखांवरच्या या आरपार चकत्या. आसामकडचा सोनेरी रेशमाचा पतंग याच कुळातला, चीनकडं ओकच्या पानांवर वाढवतात तोही याच कुळातला. पण पंखांच्या टोकाला नागाचं तोंड असलेला आमच्या घाटातला थोरला पतंग या कुळातला नाही, त्याच्या खिडक्या तिकोनी. आणि पोपटी रंगाचा, लांब शेपटीचा, तो आणखी निराळा. पतंगाला तोंडच नसतं हे त्यांनी सांगितलं तेव्हा मी खोटं समजलो. भिंग हातात दिलं. खरंच नव्हतं. अळी असताना खाऊन घेतलेलं पोटात असतं, त्यावर आठवडाभर जगायचं, जोडीदार शोधायचा, अंडी घालायची आणि मरायचं.

त्यांना कोश हवे होते. भाव विचारला. मी म्हणालो, "पैसं नकोत. धा कोशांमागं एक पेटी उघडून समजावून सांगायची."

ते हसले. "हा कसला व्यापार?"

"तुमचं काय जातंय साहेब?"

सौदा ठरला. दोन वर्षं मी कोश देत गेलो आणि पेट्या उघडून घेत गेलो. एका दिवशी टसराच्या तीन पेट्या निघाल्या. एकीत पिवळे, एकीत विटकरी, एकीत राखी. तिन्हींवर तीन वेगळ्या जातींच्या चिठ्ठ्या. मी बराच वेळ बघत राहिलो. नराच्या मिशा रुंद, कंगव्यासारख्या. मादीच्या बारीक, हे त्यांनीच शिकवलेलं.

"साहेब, पिवळ्याच्या पेटीत सगळ्या बायकाच कशा?"

"त्या जातीचे नर अजून मिळाले नाहीत."

"आणि विटकऱ्यात सगळं बापयच?"

"त्यांच्या माद्याही मिळतील. तुम्ही कोश आणत राहा."

"साहेब, एका जातीत नुसत्या बायका, दुसरीत नुसतं बापय. मग ह्यांचा संसार चालतोय कसा?"

त्यांच्या कपाळाला आठी पडली. जुन्या पुस्तकात तसंच दिलं आहे, म्हणाले, आणि पेटी बंद केली.

मी घरी आलो आणि कामाला लागलो. कोशांतून निघालेली एक पिवळी मादी आणि एक विटकरी नर, दोघांना एकाच टोपलीत ठेवलं. सकाळी बघतो तर शेपटीला शेपटी जोडून बसलेली. दुसऱ्या दिवशीपासून मादीनं अंडी घालायला सुरुवात केली, मसुराच्या डाळीसारखी चपटी, दोनशेच्या आसपास. नवव्या दिवशी अळ्या निघाल्या. निपाणीत ऐन कुठला? पण बोरीवरही ही अळी जगते, असं आक्का एकदा बोलून गेली होती. वखारीच्या मागं बोर होती. तिच्यावर मच्छरदाणी टाकली आणि अळ्या सोडल्या.

मी दिवसभर बाजारात. राखण बायकोनं केली. मुंग्यांसाठी बुंध्याला राखेचा पट्टा, कावळ्यांसाठी हातात काठी. फांदी ओरबाडून संपली की अळ्या दुसरीवर सरकवायच्या, त्याही उचलून नव्हे. ती अळी एकदा पकडली की पाय तुटतील पण फांदी सोडणार नाही. काटकीसकट तोडून दुसऱ्या फांदीला बांधायची. महिन्याभरात बोटभर जाड हिरव्या अळ्या झाल्या, कुशीवर चांदीच्या थेंबांसारखे ठिपके. झाडाखाली उभं राहिलं की चरण्याचा आवाज ऐकू येई. मग त्यांनी काटक्यांना कडी घातली, देठ विणले आणि आत बंद झाल्या. पावसाळी कोश म्हणून फार वाट बघावी लागली नाही. महिन्याभरात पतंग निघाले. नर विटकरी, एखाददुसरा मातकट. माद्या बहुतेक पिवळ्या, तीन राखी. एका आईची, एका बापाची.

एका झाडाची पानं. मला तर नवल वाटलं नाही.

सगळे पतंग आणि काटक्यांसकट रिकामे कोश एका पेटीत घालून मी बेळगावला गेलो. वकिलांकडं दोन पाहुणे चहा घेत होते. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. पाहुणे माझ्या धोतरावरच्या तंबाखूच्या डागांकडं बघत होते.

"कुठल्या पानावर वाढवल्या?" वकिलांनी सहज विचारलं.

सौद्यात शेवटची एक गोष्ट मी नेहमी हातात राखतो. सवयच आहे. म्हणालो, "रानात खात्यात त्येच की, साहेब."

"हं." त्यांनी पाहुण्यांकडं बघितलं. "यांच्या वखारीत दहा पोती कोश पडलेले असतील. कुठलं कुठून निघालं कोण सांगणार? तंबाखूच्या वखारीत शास्त्र होत नसतं. पेटी ठेवून जा."

पाहुण्यांतला एक शिंकला आणि दुसरा हसला. मला चहा मिळाला नाही. मी पेटी ठेवून निघालो. तिथंच टेबल उलथवलं असतं, पण माझा दावा त्यांच्या हातात होता.

पुढच्या वर्षी, दावा निकाली निघाल्यावर, बेळगावच्या एका व्यापाऱ्यानं सांगितलं, तुमच्या वकिलांचं रेशमाच्या पतंगांवर व्याख्यान आहे. मी गेलो. सभागृहाच्या दारात एक छोटं पुस्तक देत होते. आत जाण्याआधी मी ते उभ्यानं वाचलं. 'आमच्या बंगल्याच्या आवारात ऐनाच्या रोपांवर एका मादीची संतती वाढवून आम्ही असे सिद्ध केले आहे की, या तीन जाती नसून ही एकच जात आहे.' आणि खाली बारीक अक्षरात: 'कोश पुरवणारा एक इसम होता, त्यास यातील शास्त्र अवगत नव्हते.'

मी ते पुस्तक मुठीत चुरगाळलं. तिसऱ्या रांगेत जाऊन बसलो. व्यासपीठावर टेबल, टेबलावर काचेची पेटी. पेटीत माझे पतंग. पिवळे, विटकरी, राखी, एका रांगेत. आणि त्यांच्या खाली, शोभेसाठी, माझे कोश. काटक्यांसकट.

ते मी बघितलं आणि माझा राग एकदम थंड झाला. ओरडलो असतो तर लोकांनी धरून बाहेर काढलं असतं. मी तासभर हात जोडून ऐकल्यासारखा बसलो. शेवटी अध्यक्षांनी कुणाला काही विचारायचं आहे का म्हटल्यावर उभा राहिलो. वकिलांनी मला बघितलं आणि पाण्याचा पेला उचलला.

"साहेब, अळ्या कशावर वाढवल्या म्हणालासा?"

"ऐनावर. पुस्तकात दिलं आहे."

"आणि पेटीतलं कोश त्याच अळ्यांचं?"

"अर्थात."

"काटक्या पण त्याच?"

"त्याच. ते कडं काटकीवरून सुटत नाही. तोडलं तर देठ जातो."

"मग साहेब, ऐनाला काटं कवापासनं फुटलं?"

मग पुढच्या रांगेतला फेटेवाला एक शेतकरी, चिकोडीकडचा असावा, उठून टेबलाशी गेला आणि काचेला नाक लावलं.

"व्हय की वो! बोर हाय ही," तो मागं वळून म्हणाला. "जोडकाटा बगा, येक सरळ, येक वाकडा. वकीलसाहेब, ऐनाला असलं काटं असतं तर आमी त्येचं कुंपण क्येलं असतं!"

हशा उसळला. ज्यांच्या घरी शेत होतं ते सगळे उठून पेटीभोवती जमले. खेड्यातून शिकायला आलेला कुणी असो की कचेरीत कारकून असो, बोरीचा काटा पायात मोडला नाही असा माणूस या भागात सापडायचा नाही. वकिलांच्या पायात मोडला नव्हता. शहरात जन्मलेल्या माणसाला पानं नसलेली काटकी म्हणजे काटकी.

"नोकरानं मांडताना काटक्या बदलल्या असतील," ते म्हणाले.

"कडं तोडून परत इणलं नोकरानं?" मी विचारलं. "मग त्यो नोकर मला द्या."

अध्यक्ष घंटा वाजवायला लागले. घंटेपेक्षा माझा आवाज नेहमीच मोठा. "ती बोर निपाणीत माझ्या वखारीमागं हाय," मी म्हणालो. "कुणाला बघायची आसंल त्यानं यावं. पत्ता सोपा हाय. इसमाची वखार म्हणून इचारा."

पंधरा दिवसांनी वकील स्वतः निपाणीला आले. त्या दिवशी वखारीत पानं झोडत होते, धुळीनं उजेड पिवळा झाला होता. मी त्यांना तिथंच पोत्यावर बसवलं. ते शिंकत होते. माझी बसायची खोली दहा पावलांवर होती. नेलं नाही.

"पुढच्या छपाईत तुमचं साहाय्य नमूद करतो," ते रुमाल नाकाला धरून म्हणाले.

"साहाय्य नको."

"सहकार्य."

"न्हाई."

"दोघांनी मिळून, असं लिहितो. याहून जास्त काय?"

"तुम्ही कुठल्या अळीला हात लावला ते सांगा, मग दोघांनी लिवा."

ते म्हणाले, आणि हे त्यांनी बरोबर म्हटलं, "कुळ म्हणजे काय, जात म्हणजे काय, नर कसा ओळखायचा, हे तुम्हाला कोणी शिकवलं?"

"तुम्ही. त्येच्या बदली कोश दिल्यात मी, धाला एक पेटी. ते तिथं फिटलं. ही बोर त्यात न्हवती."

आतल्या दारातून बायको बोलली, "माजं बी नाव घाला म्हनावं. काटं माज्या हातात मोडल्यात."

वकिलांनी माझ्याकडं बघितलं. मी तिला आत जायला सांगितलं. बाजारात सौदा तुटायच्या वेळेला मध्ये बोललेलं मला खपत नाही. शेवटी ठरलं ते असं: ती संतती वाढवून तीन जाती एक आहेत हे दाखवलं ते मी, एकट्यानं, माझं नाव, गाव आणि धंदा, सगळं छापायचं, आणि त्याच सभागृहात त्यांनी ते उभं राहून वाचायचं.

त्यांनी वाचलं. मी पहिल्या रांगेत बसलो होतो. आवाज फुटेल, एखादा शब्द अडकेल, म्हणून मी त्यांच्या गळ्याकडं बघत होतो. काही झालं नाही. दाव्यातला कागद वाचावा तसं त्यांनी माझं नाव वाचलं, चष्मा पुसला आणि खाली बसले. लोकांनी टाळ्या वाजवल्या, त्यांच्या मोठेपणासाठी. माझ्यासाठी नव्हे. मी घरी आलो तो आणखी तापून.

मग मी ठरवलं, या माणसाला पुन्हा टसराचा कोश मिळता कामा नये. त्या उन्हाळ्यात आक्काच्या टोळीला सांगितलं, पानांबरोबर दिसेल तो कोश तोडायचा आणि मलाच द्यायचा. दुसऱ्या टोळ्यांनाही सांगितलं. दोन पोती भरली. वकिलांची पत्रं आली, घाटाच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या कोशांत फरक पडतो का हे बघायचं आहे, पन्नास तरी पाठवा, भाव तुम्ही सांगाल तो. मी कळवलं, औंदा कोश नाहीत. मृगाच्या सुमाराला पोत्यांतल्या पोत्यांत पतंग निघायला लागले. तोंडं बांधलेली होती. आत ते एकमेकांवर फडफडून फाटत राहिले आणि पोत्याच्या विणीतून पिवळी-तांबडी भुकटी जमिनीवर पडत राहिली. बायकोनं पोती सोडा म्हणून सांगितलं. मी सोडली नाहीत. सोडली असती तर एखादा उडून बेळगावला गेला असता, असं मला तेव्हा खरंच वाटत होतं.

पुढच्या उन्हाळ्यात खानापूरकडच्या त्याच रानात गेलो तर ऐनाला एकही कोश नव्हता. झाडामागून झाड बघितलं. माझ्याकडं पोत्याच्या तळाशी एक कोश उशिरापर्यंत बंद राहिला होता. काही कोश असे वर्ष काढतात. त्यातून त्याच दिवसांत मादी निघाली. मला सुचलं तसं मी तिला टोपलीत घालून रानात नेलं आणि टोपली ऐनाच्या फांदीला टांगली. मादी जागची हलत नाही. तिचा वास वाऱ्यावर जातो आणि कोस-कोस लांबून नर येतात. पूर्वी एका सकाळी मी एका मादीच्या टोपलीवर सात नर बसलेले बघितले होते.

पहिल्या सकाळी कुणी नव्हतं. दुसऱ्या सकाळीही नाही. तिसऱ्या सकाळी तिनं वाट बघणं सोडून टोपलीच्या काड्यांवर अंडी घालून टाकली होती. नराविना ती फळणार नव्हती. दोन दिवसांत मधोमध खड्डा पडून बसली.

आक्का पानांचा भारा बांधता बांधता माझ्याकडं बघत होती.

"समदं तुमीच नेलासा की, अण्णा."

"वकिलामुळं झालं हे," मी म्हणालो. "त्यानं तसं लिवलं नसतं तर मी पोती भरलीच नसती."

"वकील कुटं झाडावर चडला?"

मी तिला काय बोललो ते इथं लिहीत नाही. तिनं भारा डोक्यावर घेतला आणि बायकांना घेऊन उतरून गेली. मी टोपली फांदीवरून काढली, अंडी झाडाखाली झटकली. त्या वर्षी पानं दुसऱ्या टोळीकडून घेतली आणि वकिलांचं नवीन पत्र आलं होतं, ते न फोडता परत पाठवलं.